पुढे बसणाऱ्याचे पाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. चेन्नईच्या वेलचेरी भागातल्या आमच्या घरमालकांनी दोन माणसांच्या एका होडीची पुढची सीट स्वतःच्या हाताने, महिनोन्‌महिने मापं घेऊन बसवली होती. ती ज्या चार लाकडी ठोकळ्यांच्या आधाराने टांगलेली होती, ते ठोकळे मी त्यांच्या माघारी कापून दीड बोट आखूड केले. पुढे जे व्हायचं ते झालं. मग मी पूर्ण मापाचे नवे ठोकळे तितक्याच गुपचूप बसवून टाकले आणि गप्प राहिलो. त्याला सहा वर्षं झाली.

दीड बोटाचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. म्हणून आधी ते गृहस्थ कसे होते ते सांगतो. ‘होते’ लिहिलं खरं, पण ते आहेत. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहतात.

जागा बघायला गेलो तेव्हा चेन्नईतल्या मालकांच्या प्रश्नांची उत्तरं मी पाठ करून गेलो होतो. खाणं शाकाहारी का, नोकरी कुठे, माणसं किती. यांनी यातलं काही विचारलं नाही. मला बिनहातांच्या खुर्चीवर बसवलं, समोर दुसरी खुर्ची पाठमोरी ठेवली आणि ती माझ्याकडे हळूहळू सरकवत आणली. तिची पाठ माझ्या गुडघ्यांना टेकली तसे थांबले, खाली बसले आणि दोन खुर्च्यांच्या पाठींमधलं अंतर बोटांनी मोजलं.

“बत्तीस बोटं! अय्यो. तंबी, तुम्ही कंपनीच्या बसने जातां कां?”

“हो. गुम्मिडिपूंडीला. दोन तास लागतात.”

ते आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, “ऐकलंस कां? ह्यांची गुडघी दोन तास दुमडून असतात!”

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, “मग जागा द्यायची की नाही ते सांगा त्यांस. गुडघ्यांस एकट्यांस राहायचं नाही इथं.”

जागा मिळाली. वरचा मजला. आम्ही त्यांना काका म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला, सगळी गल्ली म्हणायची म्हणून, मामी. काका मला तंबी म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. दोघं तंजावरकडची. घरात मराठी बोलायची, पण सूर तमिळ. प्रश्न विचारला की वाक्याचं शेपूट वर उचललं जायचं. ‘सगळ्यांना’ म्हणायचं तर ‘अस्कींस’. मी साताऱ्याचा. पहिले काही महिने मामी मला माझीच वाक्यं पुन्हा म्हणायला लावून हसायच्या.

काका स्वतः जेमतेम सव्वापाच फूट. त्यांचे पाय जगातल्या कुठल्याही सीटवर मावले असते. पण एकतीस वर्षं ते बसच्या बॉडी बांधणाऱ्या एका कारखान्यात नकाशे काढत होते, आणि काम एकच, सीटा. दर दोन-तीन वर्षांनी वरून निरोप यायचा, एवढ्याच लांबीत आणखी एक रांग बसवा. ते बसवायचे.

“प्रत्येकाचं एकेक बोट काढलं, तंबी,” ते म्हणायचे. “साहेबांस कळलं नाही, कंडक्टरास कळलं नाही. पण गुडघ्यांस कळतं.”

निवृत्त झाल्यावर हे त्यांच्या मनावर येऊन बसलं होतं. लग्नाला गेले तर नवरानवरीकडे नंतर, आधी खुर्च्यांकडे बघायचे. कुणी घरी आलं आणि पाय आखडून बसलं की उठून त्याच्यासमोरचं टीपॉय मागे ओढायचे. बोलणं चालूच. एकदा आम्ही दोघं बसने एग्मोरला निघालो होतो. एक उंच कॉलेजकुमार सीट रिकामी असून उभा होता, कारण बसला की गुडघे अडकत. काकांनी बसचा पत्रा निरखला, सीटचा पाइप बोटाने वाजवला, आणि उठून त्या मुलापुढे हात जोडले. “मन्निच्चिडु, तंबी.” म्हणजे माफ कर. त्या मुलाने आधी स्वतःच्या पावलाकडे पाहिलं, मग यांच्या चपलेकडे, आणि म्हणाला, “लागलं नाही, तात्ता.” काका खाली बसले. “आमचीच गाडी,” मला हळूच म्हणाले.

होडी आली त्या मोठ्या पुरानंतर. वेलचेरीत पावसाळा आला की लोक गाड्या उड्डाणपुलावर नेऊन ठेवतात. तो आमचा रिवाजच. पण त्या वर्षी माणसांनाच हलवायची वेळ आली. तळमजल्यात छातीइतकं पाणी. वर आमच्याकडेही वीज-पाणी बंद झालं, तेव्हा कोळ्यांची एक बोट आली आणि तिने मामींना बाहेर काढलं. बोटीत चौदा माणसं. मामी गुडघे छातीशी घेऊन तीन तास बसल्या, आणि त्यांचा उजवा गुडघा जो बिघडला तो शस्त्रक्रियेनंतरही पुरता वाकला नाही. त्या पाय सरळ ठेवूनच बसत. पुढे वर्षभराने काकांनी समुद्राकडच्या रस्त्यावर बंद पडलेल्या एका रिसॉर्टमधून दोन माणसांची निमुळती फायबरची होडी आणली. पुढे एकाने बसायचं, मागे एकाने, दोघांनी वल्हवायचं. टेम्पोवाल्याच्या छोट्या हत्तीतून ती गल्लीत आली. तमिळमध्येही त्या टेम्पोला छोटा हत्तीच म्हणतात. होडी गच्चीवर चढवताना अर्धी गल्ली हाताला होती.

“आता पूर येऊं दे,” काका म्हणाले.

मामी म्हणाल्या, “म्यां पाऊल ठेवणार नाही त्यांत. सांगून ठेवते.”

त्या होडीत पुढे बसून पाहिलं आणि माझ्या तोंडून आपोआप “आई गं” निघालं. मागच्याला ऐसपैस जागा, पण पुढे होडी चिंचोळी होत जाते. दोन्ही भिंती गुडघ्यांवर येतात, आणि पावलांपुढे हवा भरलेला बंद कप्पा. पाय लांबवायला जागाच नाही. काका वाकून माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिले. त्यांना जणू आयुष्यभर हवं होतं ते सापडलं.

“ही पण बसच,” ते म्हणाले. “पण हिचा साहेब मी.”

मग सुरू झालं. एका मेकॅनिकने सुचवलं, तो पुढचा कप्पा कापून टाका, हातभर जागा होईल. काकांनी त्याला कॉफी पाजली आणि जिन्यापर्यंत पोचवलं. “बुडूं देत नाही ती वस्तू कापायची आणि पायांस जागा करायची! पो, पो, जा.” सीट मागे घ्यायची हे ठरलं. पण ती मागे घेतली की वजन मागे जातं आणि होडीचं नाक उचलतं. मग नाकाशी वाळूची पिशवी. केवढी? ते पाण्यावर पाहायला हवं. पाणी वेलचेरीत घरपोच येतं. त्या ऐप्पसीच्या, म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकातल्या, पावसात गल्लीत मांडीभर पाणी साचलं आणि आम्ही होडी गेटाबाहेर सोडली. मधल्या आडव्या दांड्यावर काकांनी ताकाने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवला. ताक पुढे सांडलं तर वाळू कमी करायची, मागे सांडलं तर वाढवायची. समोरच्या घरातले बँकवाले छत्री घेऊन, पँट दुमडून उभे होते. ते काकांना राव सर म्हणत.

“राव सर, स्टेशनापर्यंत सोडतां का?”

“शेअर ऑटो नाही ही,” काका म्हणाले. “ताक सांडेल.”

सीट होडीच्या काठाला वरून टांगलेली असते. काठ आणि सीट यांच्यामध्ये लाकडाचे चार ठोकळे, त्यांतून बोल्ट. ठोकळा जितका उंच तितकी सीट खाली. काकांचा नियम होता, “मागे पाहिजे तितकं. वर एक बोटही नाही.” माणूस उंच बसला की होडी लवकर कलते, एवढं साधं गणित. त्यासाठी त्यांनी कागदावर सहा आकृत्या काढल्या होत्या आणि ठोकळे पाच बोटांचे ठरवले होते.

दुसरा नियम एक तासाचा. ज्या जागी सीट येणार तिथे कुणीतरी पूर्ण एक तास बसल्याशिवाय भोक पाडायचं नाही. बसणारा अर्थात मी. गच्चीवर जुन्या टायरांवर होडी ठेवलेली, मी आत, काका शेजारी घड्याळ घेऊन. बोलायचं नाही, बोललं की माणूस दुखणं विसरतो, असं त्यांचं म्हणणं. तास संपला की एकच प्रश्न.

“कुठं दुखतं?”

आणि मी म्हणायचो, “कुठे नाही, काका. एकदम बरोबर.”

दुखायचं. सीट मागे गेली तशी पावलं सुटली, पण ती इतकी खाली होती की माझे गुडघे हनुवटीकडे यायचे आणि मांडीत गोळे. पण ज्या घरात मी वाढलो तिथे दुखलं तर सांगायची पद्धत नव्हती. आमटीत मीठ नसलं तरी वडील ‘छान’ म्हणून उठायचे. शिवाय तो माणूस दर वेळी इतक्या आशेने विचारायचा. मला वाटे, मी त्यांचा मान राखतोय. चार वेळा सीट सरकली, चार वेळा मी तासभर बसलो, चार वेळा तेच म्हणालो. मग त्यांनी भोकं पाडली, बोल्ट आवळले आणि रंगाचे दोन हात दिले.

आम्ही रविवारी सकाळी छोट्या हत्तीत होडी घालून मुट्टुकाडूच्या खाडीत जाऊ लागलो. मी पुढे, ते मागे. दोन रविवार मी कळ काढली. मग ते श्राद्धासाठी कुंभकोणमला गेले, गच्चीची किल्ली माझ्याकडे. शनिवारी दुपारी मी सीट उतरवली, चारही ठोकळे दीड दीड बोट कापले, कापलेल्या बाजूला रंग लावला, आणि सीट परत चढवली. ती तेवढी वर आली. बसून पाहिलं, पाय सुखावले. मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. कुणी माझ्या मापात न विचारता तीस मिलिमीटरचा फरक केला असता, तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

पुढच्या रविवारी काका मागून म्हणाले, “आज थोडी नाचते कां हो ही?”

“वारा आहे,” मी म्हणालो.

त्यांनी वाऱ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि वल्हवू लागले. माझं म्हणणं त्यांना पुरे असायचं.

असे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी मी खाली उतरलो तर मामी साडीवर केशरी लाइफ जॅकेट घालून पायरीवर उभ्या.

“बघतां काय?” त्या म्हणाल्या. “ह्यांनी वर्षभर डोस्कं खाल्लं. जाऊन येते एकदां.”

होडी पहिल्यापासून मामींसाठी होती. माझे लांब पाय नुसते मापाला घेतले होते. ज्या जागेत माझे मावतील तिथे मामींचा न वाकणारा पाय सरळ राहील, हा हिशेब. मी कारखान्यात असताना दुपारी त्यांनी मामींनाही गच्चीवर तासभर बसवलं होतं. “कुठं दुखतं विचारलं,” काका मला कौतुकाने सांगत होते, “तर म्हणाली कमरेस. मग पाठीस उशी बांधली. तुम्ही, तंबी, कधी काही सांगतच नाही.”

खाडीच्या काठाशी मी होडी धरून उभा राहिलो. मामींनी काकांचा खांदा धरला, डावा पाय टाकला, मग उजवा काठीसारखा उचलून आत घेतला आणि सीटवर बसल्या. पाय सरळ पुढे. त्या हसल्या. “अहो, मावला की!” काका मागे चढले. दोन मिनिटं होडी माझ्या हातात होती. बोलायला तेवढी पुरली असती. ‘काका, थांबा, सीट उंच आहे’, इतकंच. पाणी छातीएवढंच आहे, जॅकेट आहे, मामी हलक्या आहेत, असं मी मनात जुळवत राहिलो. खरं कारण ते नव्हतं. सीट उंच आहे म्हटलं की का उंच आहे ते सांगावं लागलं असतं, आणि मग चार वेळा ‘एकदम बरोबर’ का म्हणालो ते. ती लाज मला त्या क्षणी मामींपेक्षा मोठी वाटली. मी होडी सोडली.

शंभर-सव्वाशे हात गेली असेल. मामी वल्हं उगाच पाण्याला लावत होत्या, आणि काका मागून त्यांना काहीतरी सांगत होते, त्या मान मागे न वळवता उत्तर देत होत्या. पर्यटकांची एक मोटरबोट लांबून गेली. तिची लाट यायला वेळ लागला. होडी एका बाजूला झुकली, मामी घाबरून दुसऱ्या बाजूला गेल्या, आणि होडी सावकाश, अगदी कुणी कूस बदलावी तशी, उलटली.

मी पाण्यात धावलो. पोचलो तोवर काकांनी त्यांना उभं केलं होतं. मामी खोकत होत्या. त्यांचा पहिला शब्द “चष्मा!” काका एका हाताने त्यांना आणि एका हाताने उलटी होडी धरून उभे होते आणि म्हणत होते, “चुकलं. चुकलं माझं. कुठं तरी चुकलं.”

मामींना दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. छातीत थोडं पाणी गेलं होतं, बाकी काही नाही. काका त्यांच्यापाशी होते. होडी मी टेम्पोने परत आणून गच्चीवर ठेवली होती. सोमवारी मी रजा टाकली, पाच बोटांचे चार नवे ठोकळे कापले, रंगवले, वाळवले आणि बसवले. भुसा झाडून घेतला. जुने ठोकळे दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या भंगारात टाकले. पुन्हा कुणी बसलं तर धोका नको, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. काका परत आले की मोजतील, हे मला माहीत होतं.

त्यांनी मोजलं. दोन दिवस ते गच्चीवर नकाशा पसरून बसले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते वर आमच्याकडे आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले.

“अस्कीं मापं बरोबर आहेत, तंबी. ठोकळे पाच बोटं. सीट जिथली तिथं.”

“हो,” मी म्हणालो.

“म्हणजे गणितच चुकलं. तुम्ही एवढे बसलांत तींत. तुम्हांस कधी वाटलं कां, की ही कलते?”

स्वयंपाकघरात बायको भांडी लावत होती. त्या आवाजात मी म्हणालो, “नाही, काका. कधीच नाही.”

त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. “सरि,” ते म्हणाले. “मग हात गेला माझा. वय झालं.” आणि जिना उतरले.

ते ठोकळे आखूड नसते तर होडी उलटली नसती का? हे मी इतकी वर्षं स्वतःशी वाद घालून पाहिलं आहे. लाट होती, मामी घाबरल्या होत्या. कदाचित उलटलीच असती. पण काकांनी मला जे विचारलं त्याचं उत्तर ‘कदाचित’ नव्हतं. त्यांच्या मापाने बांधलेल्या सीटवर मामी पाण्यात कधी बसल्याच नाहीत, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

होडी त्यांनी खाडीकाठच्या एका कोळ्याला देऊन टाकली. त्याने ती उलटी घालून खाली कोंबड्या ठेवल्या. पेन्सिली, पट्ट्या, गोल काढायचं यंत्र, सगळं एका शाळेला गेलं. आम्ही पुढे जवळच फ्लॅट घेतला, पण महिन्यातून एखादा रविवार मी जातोच. ते आता कुणाच्या गुडघ्यांकडे बघत नाहीत. माझे पाय टीपॉयला अडले तरी टीपॉय तिथेच राहतं.

मागच्या महिन्यात गेलो तर मामींनी न्हाणीघर दाखवलं. उठायला आधार म्हणून भिंतीत दांडा बसवून घेतला होता, तो खांद्याच्याही वर. सुतार अंदाजाने लावून गेला.

“हे उभे होते की समोर,” मामी म्हणाल्या. “ह्यांस दिसलं, हातभर वर झालं. तोंड उघडलं नाही. म्हणतात, माझं माप धरूं नका. आता म्यां रोज लोंबकळते माकडासारखी.”

मग कॉफी गाळता गाळता म्हणाल्या, “त्या पडगूंत, त्या होडींत, म्यां पुन्हां बसले असते, खरं सांगूं? पाय पहिल्यांदाच सरळ राहिला होता बाहेर कुठं. बुडाले तर बुडाले, अंघोळ झाली. पण हे ऐकत नाहीत. म्हणतात, माझ्या हाताने तुला एकदां पाडलं, पुरे.”

काका बाहेर पेपर वाचत होते. मला बोलता आलं असतं. मी कॉफी प्यालो आणि दांडा खाली घेण्यासाठी दुसरा सुतार पाठवतो म्हणून निघालो. सुतार गेला. त्याने विचारलं, किती खाली? काकांनी त्याला मामींकडे पाठवलं.

हे लिहिलं म्हणून मी सुटलो असं नाही. काकांना देवनागरी अक्षरं एकेक लावून वाचावी लागतात. घरची मराठी ते तमिळ अक्षरांत लिहितात. हे त्यांच्या हाती पडणार नाही, आणि पडलं तरी ते दुसऱ्याच्या तोंडून कळल्यासारखंच होईल. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मी त्यांना एक वाक्य देणं लागतो. ते समोर बसून आणि मामींच्या देखत म्हणायचं आहे: काका, ठोकळे मी कापले होते, तुमचं माप बरोबर होतं. ते मी अजून दिलेलं नाही.